खड्ड्याचा फोटो, पाचशेचं बक्षीस

नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबई महापालिकेने चक्क पैज लावली. महापालिकेच्या अ‍ॅपवर खड्ड्याचा फोटो टाका. 24 तासांत तो बुजला नाही, तर तक्रारदाराला 500 रुपये! अट एवढीच होती की खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल हवा. म्हणजे नागरिकाने पट्टी घेऊन रस्त्यावर उतरायचं.

पूर्वी तक्रार म्हटली की वॉर्ड ऑफिसात अर्ज, त्यावर आवक शिक्का, मग हेलपाटे. 1916 ही हेल्पलाइन आजही आहे. पण ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, तुंबलेल्या गटाराचा फोटो चारचौघांत झळकतो आणि कार्यालयाची अब्रू पणाला लागते. खरा जोर तिथेच आहे.

अर्थात, नुसतं ‘दादरला कचरा पडलाय’ लिहून भागत नाही. दादर पश्चिम, माहीम, धारावी हा भाग ‘जी उत्तर’ वॉर्डात येतो. तक्रार त्या वॉर्डाच्या हँडलला जोडावी. फोटोत दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक दिसला, तर मुकादमाला जागा शोधत फिरावं लागत नाही.

तरीही ‘हा रस्ता आमचा नाही’ हे उत्तर ठरलेलं. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग 2022 पर्यंत महापालिकेकडे नव्हे, तर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) होते, त्यामुळे तिथल्या खड्ड्याचा धनी कोण, हे वाहनचालकाला कळायचं नाही. शिवाय, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांची गटारंही तुंबतातच. त्या गटारांचा फोटो काढणार कोण?