गांजाचे नवे नाव

अंधेरी-घाटकोपरच्या रस्त्यांवर वेलचीच्या जाहिराती आपण रोज पाहतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पण डबीवरचे नाव वाचून खरा माल कोणता, हे शाळकरी पोरालाही कळते.

तीच युक्ती आता मोबाईलवर 'हेम्प' या शब्दाआडून येते. हिरवे पान, सोबत 'नैसर्गिक', 'आयुर्वेदिक', 'शांत झोप'. यातले सगळेच बेकायदा नाही, हे आम्ही मान्य करतो. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसते बी किंवा पाने त्यात मोडत नाहीत. बियांचे तेल, पीठ 2021 पासून खाद्यपदार्थ म्हणून मान्य आहे. आमची तक्रार शब्दांबद्दल आहे.

कॅलिफोर्नियात 1996 च्या मतदानात कायद्याच्या नावातच 'करुणा' घातली गेली, कर्करोग आणि एड्सच्या रुग्णांचे हाल पुढे केले गेले. हाल खरेच होते. पण 2016 मध्ये त्याच राज्यात मौजेसाठीचा गांजाही मतदानाने मोकळा झाला. वीस वर्षांत औषधाची चैन झाली!

सूरह अल-बकराच्या 219 व्या आयतीत दारू-जुगारात लोकांना काही फायदा आहे, हे नाकारलेले नाही. पाप त्याहून मोठे, असे बजावले आहे. म्हणून मुलांशी 'फायदा असतो की नसतो' यावर हुज्जत घालू नये. जाहिरात सोबत बसून पाहावी आणि तिने काय गाळले ते विचारावे. उदाहरणार्थ, खिशात थोडासा फुलोरा सापडला तरी आजही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.