बारा लाखांचे महिन्याला किती?

“मामा, बारा लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला एक लाख ना?” भाचीने विचारलं. माझी सगळी नोकरी पगारपत्रकं करण्यात गेली, त्यामुळे नात्यातल्या पोरांची ऑफर लेटरं वाचायला माझ्याकडे येतात. सोबत हा प्रश्नही ठरलेला.

पहिलं पान अभिनंदनाचं असतं, ते उलटायचं. खरा माल शेवटच्या तक्त्यात. तिचं बेसिक महिना पन्नास हजार. त्यावर १२ टक्क्यांनी कंपनीचा पीएफ, वर्षाचे ७२,०००, हा बारा लाखांतच धरलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे २८,८६०. कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षं टिकल्यावरच हाती लागते, पण पॅकेजमध्ये पहिल्या दिवसापासून मिरवते. विम्याचा हप्ता १२,०००. व्हेरिएबल १,२०,०००. एवढं वजा केल्यावर उरले ९,६७,१४०, महिन्याला ८०,५९५. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ७४,३९५. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३००, तेव्हा आणखी शंभर कमी. नव्या कर पद्धतीत एवढ्या पगारावर आयकर शून्य, हे नशीब.

भाचीचा चेहरा उतरला. पीएफचे पैसे कुठे जात नाहीत, तुझ्याच खात्यात साठतात, असं म्हणून पाहिलं. फारसा उपयोग झाला नाही.

मला स्वतःला आकड्यांपेक्षा कलमं जास्त बोचतात. नोटीस पीरियड ९० दिवस. जॉइनिंग बोनस आहे, पण वर्षाच्या आत सोडलं तर पूर्ण परत. कामाचं ठिकाण पुणे, आणि दोन ओळी खाली ‘कंपनीच्या गरजेनुसार भारतात कुठेही’. हे कलम जवळपास सगळ्याच पत्रांत असतं म्हणून कुणी वाचत नाही. कोथरूडहून खराडीला रोज जायचं की आठवड्यातून तीनदा, याबद्दल मात्र पत्रात अक्षर नव्हतं. मुलाखतीत कुणीतरी तोंडी ‘हायब्रिड आहे’ म्हणालं होतं. तोंडी आश्वासन देणारा मॅनेजर उद्या दुसऱ्या टीममध्ये गेला, की विचारायचं कुणाला?

उत्तर लिहायला बसल्यावर तिची बोटं अडली. “जास्त मागितलं आणि ऑफरच काढून घेतली तर?” ही भीती आपल्याकडे फार. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसंही एचआरसमोर गप्प होतात. नेमकं, सभ्यपणे विचारल्यावर ऑफर गेलेली मी तरी पाहिली नाही. फार तर ‘नाही’ म्हणतात.

मेल छोटाच झाला. आभार, कामात रस असल्याची एक ओळ, मग तीन मुद्दे: गेल्या दोन वर्षांत या पदावर व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळालं? त्यातला अर्धा भाग फिक्स्डमध्ये घेता येईल का? ऑफिसचे दिवस पत्रात लिहून मिळतील का? ‘घरची अडचण’, ‘कर्जाचा हप्ता’ ही वाक्यं मी खोडायला लावली. पगार कामाचा मागायचा. शेवटी शुक्रवारपर्यंत निर्णय कळवते, असं लिहिलं.

दोन दिवसांनी एचआरचा फोन आला. व्हेरिएबलमधले साठ हजार फिक्स्डमध्ये आले. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, हे लिहून मिळालं. नोटीस पीरियड जिथल्या तिथे. गेल्या दोन वर्षांतल्या व्हेरिएबलच्या टक्केवारीवर उत्तर आलंच नाही, म्हणून उरलेले साठ हजार आम्ही हिशेबात धरले नाहीत. सुधारित पत्र सहीनिशी येईपर्यंत राजीनाम्याचा मेल तिने ड्राफ्टमध्येच ठेवला.