घरगुती वैमानिक आणि तपासणीची यादी

घरांतील संगणकावर विमान चालविण्याचा छंद आतां नवा राहिलेला नाहीं. १९८२ सालीं मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर’ विक्रीस आला, तेव्हां पडद्यावर एका लहान विमानाचीं मोजकीं यंत्रें आणि रेघांनीं काढलेली भूमि एवढेंच दिसे. आज बोइंग ७३७ सारख्या प्रवासी विमानाची कॉकपिट, तींतील असंख्य कळांसह, घरबसल्या समोर उभी राहते. तिच्याबरोबर वैमानिकांची तपासणीची यादीहि घरांत आली आहे; परंतु ती कशासाठीं असते हें न जाणतांच पुष्कळदां वापरली जाते.

या यादीची महती एका अपघातानें पटविली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत, ओहायोमधील डेटन शहराजवळच्या राइट फील्डवरून बोइंगचें ‘मॉडेल २९९’ हें चार इंजिनांचें विमान चांचणीसाठीं उडालें आणि थोडें वर चढतांच कोसळलें. मेजर प्लॉयर हिल आणि कंपनीचे चांचणी-वैमानिक लेस्ली टॉवर यांचा त्यांत अंत झाला. उभ्या विमानाचीं सुकाणूं वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. दोघांपैकीं कोणीहि नवशिका नव्हता. इतकीं कामें केवळ स्मरणावर सोंपविणें हेंच चुकीचें होतें. म्हणून वैमानिकांसाठीं कामांची लेखी यादी करण्यांत आली, आणि तेंच विमान पुढें बी-१७ या नांवानें प्रसिद्धीस आलें.

नेहमीच्या उड्डाणांतील यादी ही पाककृति नव्हे. पाककृति वाचून मनुष्य काम करतो. यादी वाचून तो झालेलें काम पडताळतो. वैमानिक प्रथम ठरलेल्या क्रमानें सर्व कळा लावतात. मग एकजण यादी वाचतो व दुसरा प्रत्यक्ष पाहून उत्तर देतो. ‘चाकें?’ असें विचारल्यावर ‘खालीं, तीन हिरवे’ असें उत्तर यावयाचें. कारण तीन हिरवे दिवे लागले म्हणजेच तिन्ही चाकें खालीं येऊन पक्कीं बसलीं.

ही पडताळणी चुकल्यास काय होतें तें १६ ऑगस्ट १९८७ रोजीं डेट्रॉइट येथें दिसलें. एक एमडी-८२ विमान पंखांचे फ्लॅप न उघडतांच उडालें व कोसळलें. विमानांतील १५४ व जमिनीवरील २ माणसें मृत्यु पावलीं. चार वर्षांची एक मुलगी तेवढी वांचली. धांवपट्टीकडे जातांना म्हणावयाची यादी वैमानिकांनीं म्हटलीच नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रासहि त्या वेळीं वीज मिळत नव्हती.

घरीं मात्र विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असतो, आणि खरी अडचण येथेंच आहे. डोळे ओळीवरून सरकतात, मन ‘झालें’ म्हणतें, आणि कळेकडे कोणी पाहातच नाहीं. यावर साधे उपाय आहेत. यादी कागदावर छापून हातांत धरावी. प्रश्न व उत्तर दोन्हीं मोठ्यानें म्हणावीं. नुसतें ‘ठीक’ न म्हणतां यंत्रावर दिसणारा आंकडा किंवा कळेची स्थिति उच्चारावी. मध्येंच दाराची घंटा वाजली, तर अंदाजानें पुढें न जातां ती यादी आरंभापासून घ्यावी. आपल्या सॉफ्टवेअरमध्यें जी कळ चालतच नाहीं, तिची ओळ खोडून टाकावी. कारण न दिसणाऱ्या वस्तूबद्दल होकार देण्याची संवय लागली, कीं दिसणाऱ्या वस्तूकडेहि पाहणें सुटतें. अर्थात् अशी घरगुती यादी खऱ्या विमानांत कधींहि वापरूं नये.

घरीं चाकें न सोडतां उतरलें तरी कोणाचा जीव जात नाहीं; एक कळ दाबतांच विमान पुन्हां धांवपट्टीवर उभें राहतें. त्यामुळें खोटें उत्तर येथें फार स्वस्त पडतें. पण ज्यास पुढेंमागें खरें विमान चालवावयाचें आहे, त्याची संवय याच खुर्चींत घडत असते. तीन हिरवे दिवे डोळ्यांनीं पाहिल्यावांचून ‘खालीं’ हा शब्द तोंडांतून निघूं न देणें, एवढें साधलें तरी या छंदानें मोठा धडा दिला असें म्हणतां येईल.