कोरडे राहून मारलेली बुडी

आमच्या आलापल्लीत पाण्यात उतरायचे म्हणजे अंगावरचे कपडे काढायचे. मे महिन्यात डोहात बुडी मारणारे पोर चड्डीवर असते आणि हाका मारल्या तरी बाहेर येत नाही. पण जगात काही माणसे बुडी मारण्याआधी कपड्यांवर कपडे चढवतात, मंडळी!

त्याला कारण आहे. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. मालवण-तारकर्लीच्या कोमट समुद्रात पातळ रबरी पोशाखावर भागते. आइसलंडमधल्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत मात्र पाणी बारा महिने २ ते ४ अंशांवर. तिथे ड्रायसूट लागतो. आत जाड उबदार कपडे, वरून पायापासून मानेपर्यंत पाणी न शिरणारी एकच पिशवी, आणि मध्ये हवा.

आता तो घालणे बघा. मानेशी पातळ रबराची घट्ट पट्टी असते. तिच्यातून डोके बाहेर काढणाऱ्याचा चेहरा नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा होतो. पुष्कळ सूटांची चेन पाठीवर, खांद्यांच्या रेषेत. ती लावायला नवरदेवासारखा दुसरा माणूस लागतो. समोर बर्फासारखे पाणी, आणि हा काठावर घामाघूम! त्यात चेन लागल्यावर लघवीची आठवण होते. म्हणून कुणी मोठ्यांचे डायपर बांधतात, तर कुणी नळी आणि झडप बसवून घेतात.

खरी परीक्षा पाण्यात. डोके खाली झाले की आतली हवा पायांकडे धावते. हवा सोडायची झडप बहुधा दंडावर, म्हणजे ती निरुपयोगी. पाय फुगतात आणि माणूस उलटा वर निघतो. वर जाताना दाब घटतो, हवा आणखी फुगते, वेग आणखी वाढतो. पाहणाऱ्याला हसू येईल, पण अशा वेळी श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि डोके वर आणायचे, हे आधी उथळ पाण्यात घोटून घेतात. उलट हवा कमी पडली, तर सूट चिमटे काढतो आणि अंगावर लाल वळ उठतात.

मानेच्या पट्टीखाली चार केस अडकले तरी पाणी आत झिरपते. मग ड्रायसूटमध्ये भिजलेला हा गृहस्थ कुडकुडत वर येतो आणि पाठीची चेन उघडायला पुन्हा माणूस शोधतो.