रानडुकराची शिकार
घोड्यावरून पाठलाग करून भाल्याने रानडुकरास मारण्याचा एक साहसी मृगयाप्रकार. रजपुतांत वराहमृगया पूर्वीपासून रूढ होती. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी या शिकारीस स्पर्धेचे स्वरूप दिले.

हाकारे डुकरास झाडीतून मोकळ्यावर काढीत आणि तीन-चार स्वारांचा गट त्याचा पाठलाग करी. ज्याच्या भाल्यास प्रथम रक्त लागे, त्यास शिकारीचा मान मिळे. माद्यांना व पिलांना मारणे निषिद्ध मानीत. बंगालमध्ये सु. २ मी. लांबीचा जड भाला वरून खाली खुपसत. मुंबई इलाख्यात त्याहून लांब भाला खालच्या अंगाने धरून घोड्याच्या वेगाने रोवीत. कोंडीत सापडलेला नर उलटून सुळ्यांनी घोड्यास फाडतो. त्यामुळे ही शिकार धोक्याची असे. मीरतजवळ गंगाकाठच्या सखल गवताळ प्रदेशात होणारी ‘कादिर चषक’ स्पर्धा विशेष प्रसिद्ध होती. ती रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १८८३ मध्ये जिंकली; पुढे १८८९ मध्ये त्यांनी या शिकारीवर ग्रंथही लिहिला.

घोडदळाचे यांत्रिकीकरण व दुसरे महायुद्ध यांमुळे हा खेळ मागे पडला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये रानडुकरास संरक्षण आहे. तथापि त्याच्या कळपांनी उभ्या पिकांची नासाडी केल्यास अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने त्यास मारता येते. अशा रीतीने, खेळ म्हणून ही शिकार संपली असली, तरी शेतीचे रक्षण आणि वन्यजीवांचे संरक्षण यांचा मेळ घालण्याचा प्रश्न कायम आहे.