पिंगा आणि सवत

जानेवारी २०१६. आमच्या शिरगावात शाळेचे स्नेहसंमेलन होते. 'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ ला लागला होता, म्हणजे चित्रपट जुना व्हायला अजून अवकाश होता. सातवीतल्या दोन मुलींचा 'पिंगा' बसवायचा ठरला आणि शिक्षिकेपुढे पेच उभा राहिला: दोघींनाही काशीच व्हायचे होते. मला वाटले होते, भांडण मस्तानीसाठी होईल. नाव तिचे, नाच तिचा, दीपिका पदुकोणसारखी नटी तिच्या वाट्याला. मी त्यातल्या एकीला विचारले तर ती म्हणाली, "बाई, काशी चांगली असते ना. तिच्यावर अन्याय होतो."

शेवटी चिठ्ठी टाकली. मस्तानी झालेली मुलगी दोन दिवस रुसून होती.

या लेखाची सुरुवात त्या चिठ्ठीपासून आहे. त्यानंतर दीड-दोन वर्षे मी या चित्रपटाविषयी गावातल्या बायकांशी बोलत राहिले. कधी बचत गटाच्या बैठकीनंतर, कधी गुरुवारी प्रति-शिर्डीच्या साईमंदिराबाहेर हारफुलांच्या गाड्यांपाशी, बरेचदा स्वयंपाकघरात. प्रश्नावली वगैरे नव्हती. एवढेच समजून घ्यायचे होते की अठराव्या शतकातल्या एका घराची ही गोष्ट सोमाटणे फाट्याच्या आतल्या गावात इतकी जिवाला का लागली.

लागली हे खरे. पुण्यात या चित्रपटाविरुद्ध निदर्शने झाली, पहिल्या दिवशी काही खेळ रद्द झाले, पेशव्यांच्या वंशजांनी 'पिंगा'ला आक्षेप घेतला. घरंदाज स्त्रिया अशा नाचतील कशा, आणि काशीबाईंचे तर पाय दुखत, हा मुद्दा वर्तमानपत्रांतून गाजला. त्याच महिन्यात आमच्याकडे हळदीच्या कार्यक्रमांत पिंगा सुरू झाला, शिवलेल्या नऊवारीला मागणी आली, मोठ्या नथी आल्या. पुढच्या गणपतीत पोरांनी 'मल्हारी'वर धूळ उडवली. पुरुषांचा उत्साह तेवढ्यावर भागला, त्याविषयी जास्त सांगण्यासारखे नाही. बायकांचा भागला नाही. त्या चित्रपट पुन्हा पुन्हा बघत होत्या, आणि वाद घालत होत्या. वादाचा विषय इतिहास नव्हता. विषय एकच: चूक कोणाची?

चित्रपटाने हा प्रश्न फार हुशारीने आपल्या हातात दिला आहे. संजय लीला भन्साळींनी आधार घेतला तो ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' या १९७२ च्या कादंबरीचा. शीर्षकात दोघेच आहेत. काशी बाहेर आहे. पण कॅमेरा वारंवार काशीच्या डोळ्यांतून बघतो. आईना महालातला प्रसंग आठवा. काशी मोठ्या हौसेने ज्या आरशांचे कौतुक करते, त्याच आरशांत तिला नवरा आणि मस्तानी एकमेकांच्या मिठीत दिसतात. आमच्याकडे ज्या ज्या बाईशी मी बोलले, तिने हा प्रसंग आपणहून काढला. 'मुघल-ए-आझम'मधला शीशमहाल प्रेमाची जाहिरात करतो. हा आरसेमहाल चोरी पकडून देतो. आणि 'चोरी पकडली' असे वाटले की गोष्ट व्यभिचाराची होते. प्रेक्षक बायकोच्या बाजूने उभा राहतो. त्या वर्षीच्या फिल्मफेअरमध्ये प्रियांका चोप्राला पारितोषिक मिळाले ते सहायक अभिनेत्रीचे, आणि राधाबाई झालेल्या तन्वी आझमींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही सहायक अभिनेत्रीचाच. मान्यवरांनी सहायक ठरवलेल्या या दोन बायकांना शिरगावने मुख्य करून टाकले.

आता कागद काय सांगतात ते पाहू. बाजीराव १७२० मध्ये, विशीही पुरी नसताना पेशवे झाले. काशीबाई चासच्या महादजी कृष्ण जोशी यांच्या कन्या. १७२९ मध्ये बंगशाच्या वेढ्यातून छत्रसालाची सुटका केल्यावर मस्तानी बुंदेलखंडातून आली. तिच्या जन्माविषयी निरनिराळ्या हकिकती आहेत, त्यात शिरत नाही. १७३२ च्या जानेवारीत शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली आणि पुढे त्यात तिच्यासाठी वेगळी जागा झाली. मग एक वर्ष असे येते की ज्यावर मी प्रत्येक वेळी अडखळते: १७३४. या एकाच वर्षी काशीबाईंना रघुनाथराव झाले आणि मस्तानीला समशेर बहादूर. पुढच्या वर्षी काशीबाईंना जनार्दन. आजच्या प्रेक्षकाला यात फसवणूक दिसते. त्या घरात नवऱ्याने दुसरे घर करणे याला फसवणूक म्हणण्याची रीतच नव्हती. राजे, सरदार, सावकार, कुळकर्णी, पाटील, ज्याला परवडे तो दोन बायका करी. राधाबाई आणि चिमाजीअप्पा यांचा विरोध होता, आणि तो कडवा होता. बाजीराव मोहिमेवर असताना मस्तानीला कैदेत ठेवण्यापर्यंत गेला. पण विरोध 'दुसरी' म्हणून नव्हता. ती कोणत्या धर्माची, कोणत्या पंगतीची, तिच्या मुलाची मुंज लागणार का, घरातल्या मुंजी-लग्नांना ब्राह्मण येणार का, हे प्रश्न होते. काशीबाईंचे मन दुखावले असेल, कोणाचेही दुखावेल. मात्र जुन्या पत्रव्यवहारात त्या मुख्यतः आई, सून आणि यात्रेकरू म्हणून भेटतात. आरशासमोर उभी राहिलेली काशी कादंबरीने आणि चित्रपटाने आपल्यासाठी घडवली आहे.

चित्रपटाला धर्माचा पेच माहीत नाही असे नाही. संवादांत तो भरपूर आहे. पण शिरगावात त्यावर कोणी बोलले नाही. बोलणे सगळे नवऱ्या-बायकोवर आले.

इथे मला माझ्या सासूबाईंनी अडवले. त्यांचे माहेर पवन मावळातले. जन्म १९३८ चा. चित्रपट टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही दोघी बघत होतो. आरशाचा प्रसंग आला, माझ्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या आईला आरसा लागला न्हाई. कूड एकच होता."

त्यांच्या वडिलांनी दुसरे लग्न केले होते, हे मला लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यावर असे कळले. पहिलीला दोन मुली, मुलगा नाही. १९४४ च्या सुमारास धाकटी घरात आली. थोरली आणि धाकटी एकाच चुलीवर, एकाच कुडाच्या दोन बाजूंना. मी विचारले, आजी रडायच्या का? सासूबाईंनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले. रडत असेल, त्या म्हणाल्या, पण भांडण त्यावर नव्हते. भांडण झाले ते पुरणपोळीच्या पहिल्या घाण्यावर, पुढे धाकटीला मुलगा झाल्यावर ओढ्याकाठच्या वावरावर, आणि एकदा जत्रेत देवीची ओटी आधी कोणी भरायची यावर. "आईला मान पायजे हुता. नवरा आज हितं, उद्या तितं."

मी मनात पेशव्यांच्या घरातले वाद मांडून बघितले: पंगत, मुंज, जागा, मुलाचा हक्क. शेंगा सोलणारी ही बाई भन्साळींपेक्षा दप्तराच्या जवळ होती.

मग मी वयाने मोठ्या बायकांना मुद्दाम गाठले, आणि एक भेद दिसू लागला. ऐंशीच्या आसपासच्या बायका 'सवत' म्हणत. पंचवीस-तिशीतल्या मुली तो शब्द वापरतच नव्हत्या. त्या 'बाहेरची' म्हणत, 'अफेअर' म्हणत, 'धोका' म्हणत. शब्द बदलला की गोष्ट बदलते. सवत घरात असते, तिला नाते असते, तिच्याशी भांडता येते आणि तिच्या लेकराला न्हाऊ घालावे लागते. बाहेरची बाहेर असते. तिच्याशी भांडण होत नाही, नवऱ्याशी होते. मावळ-मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या वर आहे. त्यात सवत येते, आणि तिच्याविषयी बोलणारीचा सूर दर वेळी वेगळा असतो, कधी विषारी, कधी थट्टेचा, कधी चक्क बहिणीचा. मंगळागौरीच्या खेळातला पिंगा हाही बायकाबायकांनी एकमेकींना चिमटे काढण्याचाच प्रकार आहे. म्हणून काशी हळदीकुंकवाला मस्तानीला बोलावते आणि दोघी पिंगा घालतात, हे माझ्या सासूबाईंना अजिबात खटकले नाही. पुण्यात ज्यावर निदर्शने झाली तोच प्रसंग त्यांना सगळ्यात खरा वाटला. "सणाला दोघी खेळायच्याच की," एवढेच त्या म्हणाल्या.

सवत हा शब्द मावळला तो कायद्याने. मुंबई इलाख्यात १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या लग्नाला बंदी आली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर पक्की झाली. सासूबाईंच्या वडिलांचे लग्न त्या आधी दोनच वर्षे झाले होते. म्हणजे आज जी बाई काशीसाठी रडते, ती एकपत्नी लग्न हा आपला हक्क आहे हे गृहीत धरून रडते. काशीबाईंना तो हक्क कधीच नव्हता. रडणे त्यामुळे खोटे ठरत नाही. बचत गटातल्या एकीने चित्रपट चार वेळा पाहिला होता. तिच्या नवऱ्याचे औद्योगिक वसाहतीत कुठेतरी दुसरे घर आहे, हे सगळ्या गावाला माहीत होते आणि कोणी तिच्यासमोर बोलत नसे. ती 'बाजीराव मस्तानी'वर मात्र तासभर बोले. काशीने दार लावून घ्यायला पाहिजे होते, ती म्हणे, हळदीकुंकू कसले करते? बाकीच्या तिला उत्तरे देत. कोणी म्हणे पोरांकडे बघून गप्प राहिली असेल, कोणी म्हणे माहेर काय जवळ होते का. काशीबाईंचे नाव घेऊन त्या बाईशी पहिल्यांदा त्या विषयावर बोलले जात होते. मला तेव्हा कळले की ऐतिहासिक चित्रपटाचे वेड म्हणजे काय असू शकते. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे ४९७ कलम रद्द केले, तेव्हा तिने मला विचारले, "म्हणजे आता गुन्हाच नाही का?" मी सांगितले की ते कलम बायकोला तक्रारीचा अधिकार कधी देतच नव्हते, नवराच दुसऱ्या पुरुषावर फिर्याद करू शके. घटस्फोटासाठी कारण म्हणून ते आजही चालते. ती थोडा वेळ गप्प बसली आणि चहा टाकायला उठली.

मावळात बसून बाजीरावांवर लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. शिरगावहून तळेगाव हाकेच्या अंतरावर. ते सेनापती दाभाड्यांचे गाव. गुजरातच्या चौथाईचा वाद विकोपाला गेला आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीरावांच्या फौजेसमोर त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. त्यांची आई उमाबाई. पुत्रशोकाने पेटलेल्या या बाईची समजूत घालायला शाहूमहाराज स्वतः तळेगावला आले, बाजीरावांना त्यांनी तिच्यापुढे उभे केले, ही हकिकत इथे अजून सांगितली जाते. चित्रपटात डभई नाही. पण भानू आहे: बाजीरावांनी जिच्या नवऱ्याला देहदंड दिला ती काशीची मैत्रीण, आणि तिचा शाप, की तूही अशीच तळमळशील. तळेगावच्या एका वृद्ध बाई मला म्हणाल्या, "शाप द्यायचा तर आमच्या उमाबाईंनी द्यायला हवा होता, त्यांनी तर तलवार घेतली." उमाबाईंची समाधी बनेश्वराच्या देवळाशी आहे. पिंगा घालणाऱ्या मुली तिकडे सहलीला जातात, आणि हे दोन बाजीराव त्यांच्या मनात शेजारी शेजारी सुखाने राहतात.

वेड ओसरले तसे त्याचे दुसरे रूप दिसले. २०२१ मध्ये 'काशीबाई बाजीराव बल्लाळ' नावाची हिंदी मालिका आली. शीर्षकात काशी पुढे, मस्तानी गायब. आमच्या गावातल्या बायकांनी त्याच्या कितीतरी आधी, २०१७ च्या हिवाळ्यात, आपला निकाल दिला होता. बस करून चास आणि पाबळला जायचे ठरले. चाकण, राजगुरुनगर करत आधी चास. भीमेकाठी काशीबाईंनी बांधलेले सोमेश्वराचे देऊळ आहे. तिथे सगळ्यांनी ओट्या भरल्या, फोटो काढले, नवऱ्याचे दुसरे घर असलेल्या त्या बाईने दीपमाळेपाशी बराच वेळ घालवला. मी बायकांना सांगितले की बाजीरावांच्या मागे मस्तानीचा मुलगा याच घरात वाढला, पेशव्यांकडून लढला, आणि १७६१ मध्ये पानिपतानंतर जखमांनी गेला. कोणी काही बोलले नाही.

दुपारी पाबळ आले. मस्तानीची कबर तिथे आहे. चार वेळा चित्रपट पाहिलेली ती बाई बसमधून उतरली नाही. तिच्यासोबत आणखी तिघी बसून राहिल्या. आम्ही उतरलो. थोरलीच्या लेकीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चपला बाहेर काढल्या, काठी टेकत एक फेरी मारली, पदर सावरून नमस्कार केला. बसमध्ये परत आल्यावर खिडकीशी बसलेल्या त्या बाईने विचारले, "काय होतं तिथं?"

"कायबी न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "पर कुणीतरी झाडून काढलं हुतं."