दोन पहाटा, दोन हिशेब

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, गावे गाढ झोपेत होती. पहाटे तीन छप्पन्नला किल्लारी परिसरात जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या वस्तीत घरोघर फिरून भांडी, चादरी गोळा केल्याचे आठवते.

साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. तोही पहाटे साडेचारला. किल्लारीची तीव्रता ६.२, नॉर्थरिजची ६.७, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा पाचपटीहून अधिक. शहर लाखोंच्या वस्तीचे. तरी मृत्यू साधारण साठ.

मी बी.कॉम., नोकरीने कारकून. आकडे पाहायची खोड आहे. नॉर्थरिजचे नुकसान वीस अब्ज डॉलरच्या वर मांडले गेले. नुसता पैशाचा रकाना पाहिला तर खरा फटका अमेरिकेलाच बसला असे वाटेल! दगडमातीचे घर, दोन शेळ्या, कणगीतली ज्वारी यांची किंमत त्या रकान्यात कितीशी येणार? शिवाय तिकडे बऱ्याच नुकसानीचा विमा होता. इकडे विमा म्हणजे भाऊबंद.

माणसे मारली ती घरांनी. मराठवाड्यातली माळवदाची घरे, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचा जड थर. कॅलिफोर्नियात १९३३ च्या भूकंपानंतर शाळांच्या इमारतींसाठी कायदा झाला, १९७१ ला रुग्णालये कोसळल्यावर रुग्णालयांसाठी झाला. आपल्या नकाशात मात्र किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. अर्थात नुसत्या श्रीमंतीने भागत नाही. १९९५ साली जपानच्या कोबे शहरात सहा हजारांवर माणसे गेली, पुष्कळशी जुन्या लाकडी घरांखाली, आणि त्यांत निम्म्याहून अधिक वयस्कर.

किल्लारीकडे एक उलटी गोष्ट घडली. कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्यांनी तग धरला. पडल्या तरी माणूस चिरडण्याइतके वजन त्यांत नव्हते. मजुरांची कित्येक कुटुंबे त्यामुळे वाचली.

मग पुनर्वसन आले. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, बावन्न गावे नव्या जागी बसवली. घर किती मोठे, हे जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून अधिकवाल्याला ७५०. खाणारी तोंडे मोजली नाहीत, सातबारा मोजला. शेतकऱ्याला अवजारे, धान्य ठेवायला जागा लागते हे मान्य. पण आठ माणसांच्या मजुराने अडीचशे फुटांत निजायचे कसे?

मग माणूस शेजारी खोली वाढवतोच, आणि हाताशी पैसा नसला की जुन्याच पद्धतीने वाढवतो. २००२ साली नकाशा बदलला, हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. तुमचे कोणी नातलग तिकडे खोली बांधत असतील तर गवंड्याला विचारायला सांगा: दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा घेतला आहे का, आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या आहेत का.